डावरीचा चमचा

आमच्या दारावर नावाची पाटी नाही, खिळा आहे. दर गुरुवारी सकाळी त्या खिळ्याला एक नवं चित्र लटकतं. तळहाताएवढं, चिंध्यांचं. नारिंगी चिंधी गोल कापलेली असली की समजायचं, आज भोपळ्याचं सूप. हिरवे ठिपके असले की मटार. एकदा नुसताच एक पिवळा चौकोन होता आणि अख्खा जिना दिवसभर डोकं खाजवत बसला. संध्याकाळी कळलं, तो लोण्याचा तुकडा. म्हणजे आज सूपबीप काही नाही, भाजलेला पाव आणि लोणी.

"कधी कधी माणसाला लोणीही पुरतं," आमच्या सासूबाई म्हणाल्या.

तर ही गोष्ट सासूबाईंची. मी गावातली बस चालवते. आमचे हे म्हणतात, हिची बस थांब्यावर थांबते, तोंड थांबत नाही. तेव्हा साखरेत घोळवून बोलणं मला जमायचं नाही. पण मला माझ्या सासूबाईंचा अभिमान आहे आणि तो मी कुणाच्या बापाला घाबरून लपवणार नाही. सून सासूचं कौतुक करतेय हे ऐकून कामावरच्या बायका डोळे फाडून बघतात. बघू देत.

सासूबाई शर्टाच्या कारखान्यात कटर होत्या. कापडाचे थरावर थर टेबलावर पसरायचे, खडूने रेघा मारायच्या आणि हातभर लांब कात्रीने बाह्या, कॉलर, पाठी कापून पुढे द्यायच्या. तिथे त्यांना सगळे 'कात्री' म्हणायचे. हातामुळे हो, जिभेमुळे नाही. जिभेवर नाव पडायचं असतं तर ते मला मिळालं असतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातून एक तागा वाया गेला नाही. हे त्या स्वतः सांगत नाहीत, पण कुणी दुसऱ्याने सांगितलं तर "छे, काहीतरीच" असंही म्हणत नाहीत.

कारखाना बंद झाला, कात्री घरी आली आणि स्वयंपाकघराचा कारखाना झाला. गाजर कापायचं तर ते आधी आडवं, उभं, तिरपं धरून बघणार. भाजीत वाया काय जातं याची त्यांना कापडाइतकीच चीड. आणि भांडं नेहमी गरजेपेक्षा मोठं. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, "अहो आई, आपण तीन माणसं, हे एवढं कोण खाणार?" तर म्हणाल्या, "कापडाला मार्जिन सोडलं नाही तर शर्ट अंगाला बसत नाही. स्वयंपाकालाही मार्जिन लागतं."

ते मार्जिन म्हणजे आमचा जिना. गुरुवारी जो तो वाडगा घेऊन येतो. पण सूप घेऊन सटकायची सोय नाही. "थांब, आधी हे बघून जा." मग खिडकीशी नेणार, कांद्याचं साल उजेडात धरणार आणि म्हणणार, "हा रंग मला आजवर कापडात मिळालेला नाही. नीट बघ. वरून तांबूस वाटतो, आतून गुलाबी आहे." वरच्या मजल्यावरचा प्लंबर पहिल्यांदा आला तेव्हा बिचारा एका पायावर उभा. घरी बायको वाट बघतेय, सूप निवतंय, आणि ही म्हातारी कांद्याचं साल दाखवतेय. पण पुढच्या महिन्यात तोच गंजलेल्या पाइपाचा तुकडा घेऊन दारात हजर! "आजी, हा रंग बघा. मला वाटलं तुम्हाला आवडेल." सासूबाईंनी तो तुकडा पुसून खिडकीत ठेवला, आठवडाभर बघितला आणि त्या रंगाची चिंधी कुठूनतरी शोधून काढलीच. माणूस एकदा यांच्या नादाला लागला की गेलाच कामातून.

समोरच्या घरात वाचनालयातली बाई राहते. खिळ्यावरची चित्रं ती कित्येक गुरुवार बघत होती. एक दिवस वाडगा परत करायला आली आणि म्हणाली, "मावशी, वाचनालयाच्या हॉलमध्ये गावातल्या लोकांनी घरी केलेल्या वस्तू मांडणार आहोत. भिंत तुमची. मोठं चित्र करा. तुमच्या कारखान्याचं करा."

"मी काय कलाकार आहे? भोपळा चिरणारी बाई मी."

"भोपळ्याचंही चालेल."

"भोपळ्याला काय धाड भरलीय. पण त्याला एवढी भिंत कशाला?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पेटीतून मोठी कात्री निघाली. यंत्रांचं नाही, टेबलांचं नाही, त्यांनी ठरवलं जेवणाच्या सुट्टीचं चित्र करायचं. "कामाच्या वेळी आम्ही नुसते हात होतो," म्हणाल्या. "माणसं व्हायचो ती जेवताना." लांबलचक टेबल, त्याच्या पलीकडे बाक, बाकावर ओळीने साऱ्या बायका, प्रत्येकीपुढे सुपाचा वाडगा. दारात उभा मुकादम, हातात पेन्सिल. आणि बाकाच्या अगदी टोकाला डावरी.

डावरी म्हणजे सासूबाईंची डावखुरी, जिवाभावाची मैत्रीण. एकाच दिवशी कामाला लागलेल्या, रोज एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. कारखाना बंद झाल्यावर ती मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली आणि भेटी फोनवरच राहिल्या. सासूबाईंनी तिला फोन लावला. "ये गं. तुझं चित्र करतेय." कुणाला 'माझं काम बघायला ये' असं त्या म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवला तेव्हा गाल लाल झाले होते त्यांचे.

मग घरात नुसती धामधूम. आमच्या ह्यांचा जुना निळा शर्ट गेला, माझी कामावरची फाटकी पँट गेली, जेवणाच्या टेबलावरचं कापडही गेलं. आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. एकेका बाईच्या अंगावरच्या कपड्याचा रंग त्यांना पाठ होता. "हिचं एक निळं जाकीट होतं, कोपराला विरलेलं. विरलेला निळा कुठून आणू?" मग ह्यांच्याच शर्टाची बाही घासून घासून विरवली. मी कामावरून आले की विचारायच्या, "ये, हा सुटा वाडगा बघ. सूप गरम आहे असं वाटतंय ना?" कापडाचं सूप हो, आणि खरंच, वाटायचं!

आता त्यांनी कसं काम केलं ते सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. खिळ्यावरची छोटी चित्रं त्या मनाने कापायच्या, खडू नाही की कागद नाही. पण हे मोठं, लोकांसमोर जायचं, म्हणून त्यांनी ते रीतसर केलं. अगदी कारखान्यासारखं. आधी कागदावर पूर्ण चित्र काढलं. कटर खडूच्या खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला करतात, म्हणजे सुलट्या बाजूला डाग दिसत नाहीत. यांनीही तेच केलं. तुकडे कापले, कागदावर उलटे मांडले आणि शिवणी मागच्या बाजूला याव्यात म्हणून मागूनच एकमेकांना जोडत गेल्या. कारखान्यात शर्ट सुलटा करायचं काम पुढच्या बायकांचं. कटरच्या हाताला सवय उलट्या बाजूची. तेव्हा महिनाभर त्यांनी ते चित्र फक्त पाठीमागून बघितलं, आणि पाठीमागून ते अगदी बरोबर होतं.

बुधवारी ते पुरं झालं. रविवारी वाचनालयात लागायचं होतं. आम्ही तिघांनी मिळून ते उचललं, सुलटं केलं, खोलीतल्या दोरीवर टाकलं आणि लांब जाऊन उभे राहिलो.

अहाहा! काय सांगू तुम्हाला. रंग तर होतेच, पण एकेकीची बसायची ढब! कुणी वाकून फुंकर घालतेय, कुणी पाव मोडतेय, एक बाई हसू आवरत तोंडावर हात धरून बसलीय. मला त्यातली एकही माहीत नव्हती, पण सगळ्या माझ्या बसमधून जाणाऱ्या वाटल्या. आणि मग माझी जीभ. उचलली आणि लावली टाळ्याला.

"काय हो आई, तुमच्या कारखान्यात सगळ्याच डावऱ्या होत्या का?"

मी गंमत केली होती. त्या हसल्या नाहीत. जवळ गेल्या. दारावर बोट ठेवलं. "दार इकडे कुठे? दार तिकडे होतं." मग एकेका चमच्यावर बोट नेत गेल्या. सगळे डाव्या हातात. टोकाच्या बाईपाशी बोट थांबलं, तिचा एकटीचाच उजव्या हातात. तिच्या चमच्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"उलटं झालं," म्हणाल्या. "सगळंच उलटं झालं."

आमचे हे समजूत घालायला पुढे. "आई, कुणाच्या लक्षात येतंय? आणि आलंच तर सांगू, आरशात बघा म्हणून."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्यांनी चित्र दोरीवरून ओढून काढलं, घडी केली आणि कपाटात ठेवलं. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि खिळा रिकामा! मी या घरात आल्यापासून असं झालेलं नव्हतं. त्यांना ताप असताना ह्यांनी आमलेट केलं होतं, तरी खिळ्याला पिवळी चिंधी होती. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून दार उघडायला मीच. वाडगा घेऊन एकेक जण यायचा, खिळ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. "आजी बऱ्या आहेत ना?" मी सगळ्यांना सांगत होते, बऱ्या आहेत, आज सुट्टी. कुणाचा विश्वास बसेना. मला इतका राग आला होता! कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी भांडी आपटत होते.

संध्याकाळी दार उघडलं तर खिळ्याला काहीतरी चमकत होतं. नळाच्या आतली पितळी चकती, घासूनपुसून लख्ख केलेली. प्लंबरचंच काम, दुसरं कोण! मी ती काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी खिडकीशी जाऊन ती उजेडात धरली, नेहमीसारखी. बराच वेळ फिरवली. आणि मग बोलल्या.

"चुकलं त्याचं मला एवढं नाही गं. म्हणजे आहे, खोटं कशाला बोलू. एक तागा वाया घालवला नाही आणि आता म्हातारपणी हे. पण दार इकडचं तिकडे गेलं, जाऊ दे. डावरीच्या उजव्या हातात चमचा दिला मी."

"मग काय झालं?"

"काय झालं?" त्या माझ्याकडे वळल्या. "तिच्या आईने तिचा डावा हात बांधून ठेवला होता लहानपणी. शाळेत छड्या. कारखान्यात आली ती माझ्याबरोबर कटर व्हायला. कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की पाती फाकतात आणि कापड चावल्यासारखं होतं. मुकादम म्हणायचा, उजव्याने धर, सवय होईल. सगळे म्हणायचे, सवय होईल. मीसुद्धा म्हणायचे. नाही झाली. अंगठा सोलून निघाला तिचा. शेवटी तिला बटणांवर पाठवलं. आणि जेवायला बसली की शेजारणीला कोपर लागायचं, म्हणून सगळ्यांनी तिला बाकाच्या टोकाला बसवली. सगळी वर्षं ती टोकालाच जेवली. आता मी तिला बोलावलंय, ये म्हणून, तुझं चित्र करतेय म्हणून, आणि आल्यावर काय दाखवणार? सगळ्या गावासमोर तिला उजवी करून ठेवलीय! जे तिच्या आईला जमलं नाही, मुकादमाला जमलं नाही, ते मैत्रिणीने करून दाखवलं."

मी चिडूनच म्हटलं, "मग नका देऊ चित्र. सांगते मी वाचनालयात, आईंना ताप आलाय."

"मला कुठे ताप आलाय? ताप कशाला येईल? मला नाचता येत नाही म्हणून मी अंगणाला वाकडं म्हणणार नाही." आणि पितळी चकती खिशात टाकून त्या आतल्या खोलीत गेल्या.

शुक्रवारी मी कामावरून परतले तर चित्र टेबलावर पसरलेलं आणि त्या दोरा उसवत बसलेल्या. मला वाटलं, दार सरकवतायत. किंवा निदान स्वतःचा हात, कारण त्या स्वतः बाकाच्या मधोमध बसलेल्या होत्या, डाव्या हातात चमचा घेऊन, सगळ्यांत ठळक. बघते तर टोकाच्या बाईची बाही. उजवा हात उसवून खाली घेतला होता, मांडीवर ठेवला होता, आणि डाव्या बाजूला नवी बाही, नवी मूठ, तिच्यात चमचा.

"रविवारपर्यंत एकच हात नीट होईल," म्हणाल्या. "घाईघाईत दहा बिघडवण्यापेक्षा एक."

"पण आई, मग आता सगळ्याच डावऱ्या झाल्या की!"

"होऊ देत," त्यांनी दोरा दातांनी तोडला. "एकदा होऊन बघू देत त्यांनाही."

रविवारी सकाळी खिळ्याला चित्र होतं. निळ्या चिंधीवर ती पितळी चकती शिवलेली. वरून बघितलेलं सुपाचं भांडं. प्लंबर खाली उतरताना त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने टोपी नीट केली. मी दाराच्या फटीतून बघितलं. मग सगळ्यात मोठं भांडं माझ्या बसमधून वाचनालयात गेलं. नियमात बसतं का ते मला विचारू नका.

हॉल गच्च भरला होता. कारखान्यातल्या कितीतरी बायका आल्या होत्या, काठ्या टेकत, नातवंडांचे हात धरून. सासूबाई चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "आधीच सांगते, चुकलंय. मी ते मागून शिवलं आणि सगळं उलटं झालं. दार कुठे होतं ते मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नका."

माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू! त्या गावात एकही माणूस असा नव्हता ज्याच्यासमोर कात्रीने कधी 'चुकलं' म्हटलं होतं. आणि ती बाई ताठ उभी राहून म्हणाली. बायकांचा एकदम गलका. "अगं हे माझं जाकीट! कोपर बघ, कोपर!" "माझं नाक एवढं मोठं होतं का गं?" "होतं, अजून आहे."

तेवढ्यात डावरी आली. मुलीच्या हाताला धरून, बुटकी, हसरी, पांढरेशुभ्र केस. बायकांनी तिला वाट करून दिली. तिने आधी स्वतःला शोधलं, टोकाला. डाव्या हातातला चमचा बघितला आणि मान हलवली, हो, मी अशीच, असं. मग नजर शेजारणीकडे गेली. मग तिच्या शेजारणीकडे. एकेक करत ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली आणि परत आली.

"कात्री, अगं या सगळ्या..."

"चुकलं गं. उलटं शिवलं गेलं."

"उलटं, मग मी सुलटी कशी?" डावरी जवळ गेली. तिने आपल्याच बाहीवर बोट फिरवलं. जन्मभर बटणं लावलेलं बोट ते. "इथला दोरा नवा आहे," ती म्हणाली. "माझा एकटीचाच उसवलास?"

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

मग डावरीची नजर दाराकडे गेली आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की वाचनालयातल्या बाईने सवयीने 'शू' केलं. "मुकादमालाही डावा केलास गं! मुकादमाला!"

सगळ्या हॉलमध्ये हशा. सासूबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, मीही, आणि आमचे हे तर नाक शिंकरायला बाहेरच गेले.

मग सूप वाढलं. हॉलमध्ये वाचायचं लांब टेबल होतं आणि बाक होता. बायका बसू लागल्या, आणि डावरी, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आपली गेली आणि टोकाला बसली.

"तिकडे कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "इथे ये. मधे."

"अगं नको, कोपर लागेल कुणाला तरी."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग आपल्यापुढचा चमचा उचलला, डाव्या हातात घेतला आणि सुपात बुडवला. अर्धं सूप वाटेतच सांडलं, त्यांच्या ठेवणीतल्या कपड्यांवर. त्यांच्या शेजारणीने ते बघितलं आणि स्वतःचा चमचा दुसऱ्या हातात घेतला. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता अख्ख्या बाकाने. कुणाच्या हनुवटीवर सूप, कुणाच्या मांडीवर, एकीच्या तर कानाजवळ पोचलं, ते कसं हे तिलाच ठाऊक. मी भांड्याशी पळी घेऊन उभी होते. मीही पळी डाव्या हातात घेतली आणि प्लंबरच्या बुटावर वाढलं.

डावरी उठली आणि मधे येऊन बसली, सासूबाईंच्या शेजारी. कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही. तिने चमचा डाव्या हातात घेतला आणि एक थेंबही न सांडता तोंडापर्यंत नेला. मग सासूबाईंच्या कपड्यांवरचा डाग बघितला, त्यांचा सुपाने माखलेला डावा हात बघितला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"असू दे. होईल सवय."